अकरा टक्के

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
पत्र्याखाली सोळा माग, नऊ माणसं.
मी तिथला हिशेबनीस.
टॉवेल डझनात मोजतो,
माणसं शनिवारी, पगाराच्या वेळी.

लक्ष्मीपती येमुलचं बोट गेलं तेव्हा
मे महिना होता, लाइट नुकतीच परत आली होती
आणि सातव्या मागाच्या गिअरवर जाळी नव्हती.
जाळी कधीच नव्हती.
त्या दात्यांना आम्ही सवयीनं वळसा घालायचो,
वाटेत झोपलेल्या कुत्र्याला घालावा तसा.

उजवी तर्जनी. दोन पेरं.
टॉवेलवरचा डाग निघेना,
म्हणून तो टॉवेल मी त्याच्या डझनातून वजा केला.
हे मी केलं.

आमच्या घरी बोटाला वेलु म्हणतात.
मराठीतला वेलू छाटला तर पुन्हा फुटतो.
तेलुगूतला नाही.

मालक तसा वाईट नव्हता.
दवाखान्याचं बिल भरलं, वर पाच हजार दिले.
फक्त कागदावर म्हणाला, हा आमचा कामगारच नाही.
हजेरीपट खरोखरच कोरा होता.
माझी चोपडी नव्हती.
अकरा वर्षं, दर शनिवारी:
येमुल, माग सात, इतके डझन, इतकी उचल.
वकीलबाईंनी पान उघडून विचारलं,
अक्षर कोणाचं?
घशात कापसाचं तूस अडकावं तसं झालं.
माझं, म्हटलं.

कायद्याच्या पाठीमागे एक तक्ता असतो.
त्यात माणूस सुटा सुटा लिहिलेला आहे.
अंगठा, तीस.
तर्जनी आख्खी चौदा, दोन पेरं अकरा.
करंगळीचं नुसतं टोक, दोन.
मी टेबलाखाली स्वतःची बोटं
एकदा चाचपून घेतली.
येमुल म्हणाला, रात्री खाजतं हो,
जे नाही तेच खाजतं,
त्याचे किती?
त्याला रकाना नव्हता.

निकाल लागला. एक लाख एकतीस हजार, वर व्याज.
त्या रात्री मालकानं मला थांबवून घेतलं.
लोहार जाळीचे किती घेतो?
बावीसशे.
सोळांचे?
पस्तीस हजार दोनशे.
पंखा गरम हवा फिरवत राहिला.
म्हणजे एका बोटात, तो म्हणाला,
आणि पुढचा आकडा मनातच ठेवला.
तो मी केव्हाच काढला होता:
साठाला थोड्या कमी.

आठ दिवसांत सोळाच्या सोळा माग
पिवळ्या जाळीत आले.
दयेनं अडलं होतं ते भागाकारानं सुटलं.
मी तर आधीपासून सांगत होतो,
असं म्हणायला मला आवडलं असतं.
मी कधी सांगितलंच नव्हतं.

मग विम्याचा एजंट आला.
क्लेम नाही, तर हप्ता कमी.
मालकानं भिंतीवर खडूनं लिहायला लावलं,
अपघाताविना दिवस.
शंभर भरले की प्रत्येकाला पाचशे.
आकडा रोज मीच वाढवतो.

एक्याण्णवाव्या दिवशी नागमणी वंगा
कांडी मशीनवरून उठली, मूठ घट्ट मिटलेली.
कुणाच्या तरी डब्याशेजारून हळदीची पुडी निघाली,
कुणीतरी फडकं फाडलं.
माग चालूच होते, त्यामुळे
गप्प बसलो असं कुणाला वाटलं नाही.
मी खडू घेतला. ब्याण्णव लिहिलं.

त्याच आठवड्यात येमुल आला, सहज, चहाला.
सातव्या मागापाशी उभा राहिला,
अर्ध्या बोटानं जाळीवर वाजवलं, टण्.
नव्या पोराला म्हणाला, हे माझं आहे, जपून वापर.
पोरगा हसला. येमुलही हसला.
मग त्यानं भिंतीकडे पाहिलं,
मग नागमणीच्या फडक्याकडे,
मग माझ्याकडे.

अक्षर कोणाचं,
हे त्यानं विचारलं नाही.